डोळ्याखालचा ठिपका

तो ठिपका माझ्यामुळे आला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मध्येच पकडायला नको.

१९९९चा मे महिना. नववीचा निकाल लागला होता, विज्ञानात मी वर्गात पहिली आले होते, आणि त्या तोऱ्यात मला वाटत होतं की पाच मिनिटांत जमणार नाही असं जगात काही उरलेलंच नाही. त्यात जुहेबभाईंनी माझ्या हातात कॅमेरा दिला.

जुहेबभाई म्हणजे माझी मैत्रीण हफ्सा हिचे मोठे भाऊ. रोह्यात त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक पेरूचं झाड आणि एक कमरेएवढी भिंत, इतकंच अंतर. ते मस्कतला नोकरीला असतात. सुट्टीवर आले ते ऑफिसचा कॅमेरा घेऊन. रोल नसलेला कॅमेरा! त्याच्या पोटात चक्क फ्लॉपी घालायची, कॉम्प्युटर क्लासात घालतो तीच, आणि फोटो काढला की पाठीवरच्या छोट्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसायचा. आवडला नाही तर पुसून टाका. मी पहिल्या दिवशी हफ्साचे एकोणीस फोटो काढले आणि अठरा पुसले. हफ्सा म्हणाली, "अगो, मी काय फळा हाय?"

आता हा कॅमेरा पेणला माझ्या मामाकडे कसा पोचला ते. जुहेबभाईंच्या ऑफिसातली काही मराठी माणसं दरवर्षी मिळून गणपती बसवतात. त्यांना कळलं की जुहेब रोह्याचा, म्हणजे पेणच्या शेजारचा. मग काय, "येताना आमच्यासाठी पेणची मूर्ती आण, पण आधी फोटो पाठव." जुहेबभाई आईला विचारायला आले की कुठला कारखाना चांगला. आई म्हणाली, "माझा भाऊ काय पेणला भजी तळतो काय?"

माझा काळुराममामा रामवाडीला गणपती करतो. कारखाना छोटाच आहे, वर पत्रे, पुढे पडवी आणि अंगण. पण मामाचं नाव आहे ते आखणीसाठी. मूर्तीचे डोळे रेखायचे त्याला आखणी म्हणतात. साचा दाबायला, रंग मारायला माणसं मिळतात, आखणीला मिळत नाहीत. डोळ्याची रेघ केसभर सरकली तर गणपती रागावलेला दिसतो नाहीतर झोपाळलेला. हंगामात दुसऱ्या कारखान्यांची माणसं मामाला घेऊन जायला येतात, आणि मामा आपले ब्रश फडक्यात गुंडाळून, डॉक्टर बॅग घेऊन निघतो ना, तसा निघतो. चाळीस वर्षं तो हेच करतोय.

मस्कतसाठी मामाने फूटभर उंचीची शाडूची मूर्ती केली. ती इतकी गोड झाली होती की मला वाटलं, हिचे फोटो मीच काढणार. जुहेबभाई म्हणाले, "काढ. पन सांभाळून. कॅमेरा बिघडला तर माझा मुदीर मला घरी बसवील." मुदीर म्हणजे तिकडचा साहेब.

रविवारी पॅसेंजर पकडून पेणला गेले. आधी आत फोटो काढले. कारखान्यात एक ट्यूबलाइट आणि एक खिडकी, सगळे फोटो मळकट आले. मग मी मूर्ती अंगणात आणायला लावली. रंगाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर कॅमेरा ठेवला, समोर स्टुलावर मूर्ती ठेवली, आणि कुणाचीच जागा हलू नये म्हणून डब्याभोवती आणि स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या.

"शास्त्रीय पद्धत," मी सगुणामामीला सांगितलं.

"व्हय बाई," मामी म्हणाली. "आता गनपतीला पन परीक्षेला बसव."

मामी पडवीत बसून दुसऱ्या मूर्तींना पॉलिशपेपर मारत होती. त्याची धूळ पिठासारखी असते, वारा आला की अंगणभर होते. माझ्या केसांत, मामाच्या भुवयांवर, तुळशीच्या पानांवर, सगळीकडे. आणि त्या धुळीत मी आल्यापासून, आतले फोटो काढायच्याही आधी, काय करत होते, तर झूमचं बटण दाबत होते. एक बटण दाबलं की भिंगाची नळी बाहेर यायची, दुसरं दाबलं की आत जायची. बाहेर, आत, बाहेर, आत. मामीला त्याचं इतकं हसू आलं की तिने मला ते पाच-सहा वेळा करायला लावलं. "कासव मान काडतो तसा काडतंय गो!"

मग मी मनासारखं झूम लावलं आणि उन्हात समोरून पाच-सात फोटो काढले. छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते. रोह्याला येऊन क्लासातल्या इंटरनेटवरून त्यांतले तीन पाठवले. तीनच, कारण तेवढ्यालाच पाऊण तास लागला आणि क्लासचे सर सारखे घड्याळाकडे बघत होते.

बुधवारी उत्तर आलं. जुहेबभाईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मधेच त्यांचा आवाज उतरला. मूर्ती फार सुंदर आहे. पण तिन्ही फोटोंत डाव्या डोळ्याखाली, गालावर, काळसर ठिपका दिसतो. टवका उडालाय का? तसं असेल तर मूर्ती पूजेला चालणार नाही, कृपया दुसरी बघावी.

सरांनी फोटो मोठा करून दाखवला. होता. मोहरीएवढा, कडा पुसट, डोळ्याच्या रेघेच्या अगदी खाली. मग आतले मळकट फोटो उघडले. त्यांत गाल स्वच्छ! म्हणजे आत असताना मूर्ती चांगली होती आणि अंगणात नेताना तिला काहीतरी लागलं. आणि अंगणात न्यायला कुणी लावलं होतं?

गुरुवारी सकाळी तिन्ही फोटो छापलेला कागद घेऊन मी परत पेणला.

मामाने कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि मग मूर्ती खिडकीत नेली. चष्मा लावून बघितली, काढून बघितली. अंगठा गालाच्या जवळ नेला, पण टेकवला नाही.

"कुठं हाय?" तो म्हणाला.

मी बघितलं. मामीने बघितलं. गाल कसा नितळ होता.

"नाय वो कायसुदा," मामी म्हणाली. "कागदावर शाई सांडली असंल."

"तिन्ही फोटोंवर एकाच जागी सांडली?" मामाने विचारलं.

"मामा, मला पण नाही दिसत," मी म्हटलं.

"तुमी दोघी मला बरं वाटावं म्हनून बोलताव." मामाने कागद खिडकीच्या कडेला टेकवून ठेवला. "तू माझी भाची, ही माझी बायको. यंत्राला माझी माया नाय. जे हाय ते दाखवतंय."

विज्ञानात पहिली आलेल्या मुलीला यंत्र खोटं बोलतं असं म्हणता येईना.

मग मामाने जे केलं ते मी उभी राहून बघत होते. त्याने मूर्तीच्या अंगाचा रंग वाटीत थोडा कालवला, बारीक ब्रश घेतला, कागदाकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं, आणि कागदावर जिथे ठिपका होता त्या जागी मूर्तीच्या गालावर ब्रशचं टोक टेकवलं. एकदाच. मग मागे सरकला.

"बरोबर लागला? बग बरं."

मला आधीही काही दिसत नव्हतं आणि नंतरही काही दिसत नव्हतं. पण मामाचा चेहरा इतका बारीक झाला होता, की मी म्हटलं, "हो मामा. अगदी बरोबर."

मामा स्टुलावर बसला. ब्रश हातातच होता.

"चाळीस वर्सांत जे दिसत नाय ते मी कदी रंगवलं नवतं," तो म्हणाला. "आज रंगवलं. तू सांगितलंस म्हनून कळलं, लागला का नाय."

मामी म्हणाली, "एवडं काय त्यात?"

"गेल्या सालात पलीकडच्या कारखान्याचा जनू काय बोलला ठाव हाय? माज्या आखनीकडं बगून बोलला, काळुराम, डोळा जरासा फिरला काय रं? मी हसून सोडून दिलं. पन तवापासून प्रत्येक मूर्तीला वाटतंय, फिरला काय, फिरला काय." त्याने ब्रश धुतला, टोक दोन बोटांत धरून सरळ केलं, सगळे ब्रश फडक्यात गुंडाळले आणि ते गाठोडं मामीच्या हातात दिलं. "ठेव कुठंतरी. मला नको सांगू कुठं. आखनी बंद." मग माझ्याकडे वळला. "आनि भावे, जुहेबला सांग, जनूकडची मूर्ती न्यावी."

"मामा, पण..."

"डोळं गेलेल्या मानसानं देवाचं डोळं काडू नयेत."

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसले होते. कासू आलं, नागोठणं आलं, मी काहीसुद्धा खाल्लं नाही, आणि असं माझ्या आयुष्यात क्वचितच होतं. मूर्तीला टवका उडालाच असेल तर तो तिघांपैकी एकाला तरी दिसायला हवा. नसेल, तर तीन फोटोंत एकाच जागी तो येतो कसा? माझी डोक्यातली गाडी या दोन स्टेशनांच्या मध्येच पुढे-मागे होत राहिली. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे मी बघायचंच टाळत होते: मी हो म्हटलं होतं.

शुक्रवारी हफ्सा मला ओढून क्लासात घेऊन गेली. मंगळवारी भर दुपारी आम्ही कुंडलिकेच्या काठी तिचे फोटो काढले होते, ते तिला मोठ्या पडद्यावर बघायचे होते. माझं कशात लक्ष नव्हतं.

"ही बघ मी," हफ्सा म्हणाली. "आणि माझ्या डोक्यावर बघ, कावळा."

"हं."

"ह्यात पण कावळा हाय. अगो, ह्यात पण! मी पुलावर गेले तर हा पण आला. हा कावळा माझ्यावर आशिक झालाय का काय?"

मी मान वर केली. तीन फोटो. एकात हफ्सा बसलेली, एकात उभी, एकात पुलाच्या कठड्याला टेकलेली. वर पांढरंशुभ्र आभाळ, आणि त्या आभाळात मोहरीएवढा, कडा पुसट असलेला ठिपका. डाव्या अंगाला, वरच्या कडेपासून साधारण चार बोटं खाली. तिन्ही वेळा चार बोटं.

"हफ्सा," मी म्हटलं, "उडणारा कावळा एकाच जागी कसा राहतो?"

"दमला असेल."

"सर! हे तिन्ही छापून द्या! आणि गणपतीचा परत एक छापा, त्याच मापाचा!"

सर म्हणाले, "शाई संपेल." मी म्हटलं, "संपू दे." आता आठवलं की लाज वाटते, पण सरांनी छापले.

चारही कागद मी एकावर एक नीट जुळवले आणि दारात जाऊन उन्हासमोर धरले. हफ्सा, पूल, नदी आणि गणपती एकमेकांत मिसळून गेले, सगळा गोंधळ झाला. फक्त ठिपका एकच राहिला. चार ठिपक्यांचा मिळून एक, काळाकुट्ट.

ठिपका मूर्तीवर नव्हताच. तो कॅमेऱ्याच्या आत होता. मी डबा आणि स्टूल खडूने आखून घेतलं म्हणून तो प्रत्येक फोटोत बरोबर गालावरच पडला. मी जरा वेंधळी असते, दर वेळी कॅमेरा हलला असता, तर एकदा कानावर, एकदा सोंडेवर पडला असता आणि कुणालाही लगेच कळलं असतं. शास्त्रीय पद्धत!

पुढची भिंगाची काच मी ओढणीने पुसली. परत आभाळाचा फोटो काढला. ठिपका होता तिथेच.

जुहेबभाईंनी कागद उन्हात धरून बघितले, दोनदा बघितले. मग म्हणाले, "चाचाकडं चला." त्यांचे शरीफचाचा बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. जुने रोलचे कॅमेरेही त्यांच्याकडे येतात. एका डोळ्याला भिंगाची काळी डबी लावून ते कागदांकडे बघत राहिले, आणि आधी मला विचारलं, "हा कॅमेरा घेऊन पिठाच्या गिरणीत गेली होतीस काय?"

मी सगळं सांगितलं. पॉलिशपेपर, वारा, झूम, कासव. कासवाचं सांगताना माझा आवाज बारीक झाला.

"नळी बाहेर येते तेव्हा आत हवा ओढते, लोहाराच्या भात्यासारखी," चाचा म्हणाले. "हवेबरोबर धूळ आली. यात रोल नाय, म्हंजे फोटो जिथे पडतो ती काच तीच ती, बदलत नाय. तिच्यावर कण बसला की प्रत्येक फोटोत बसला."

"मग अंधारातल्या फोटोंत का नाही आला?"

"हां, हे चांगलं विचारलंस. उन्हात कॅमेरा आपली बाहुली बारीक करतो, आपण डोळे बारीक करतो तशी. बारीक भोकातून आलेल्या उजेडात सावली धारदार पडते. अंधारात भोक मोठं, सावली पसरून जाते. कण तिथेच, पन दिसत नाय."

मला हे इतकं आवडलं की क्षणभर मी मामालासुद्धा विसरले.

"चाचा, उघडाल?" जुहेबभाईंनी विचारलं. "ऑफिसचा हाय. सोमवारी माझं विमान."

"उघडीन. पन बिघडला तर माझं नाव मुदीरला सांगायचं नाय."

चाचांनी बारीक स्क्रू एकेक करून बशीत ठेवले. फ्लॅशच्या बाजूला त्यांनी बोट नेलं नाही, तिथे करंट साठलेला असतो म्हणाले. भिंगाचा भाग सुटला आणि खाली नखाएवढी हिरवट-जांभळी काच चमकली. फोटोत ठिपका वर होता, इथे तो खालच्या कडेला होता. भिंगातून प्रतिमा उलटी पडते! धडा सहावा! मी ओरडलेच. आणि त्याच उत्साहात पुढे वाकून फुंकर मारायला तोंड उघडलं.

चाचांचा हात माझ्या तोंडासमोर आला. "अगो! तुझ्या तोंडात पाणी हाय. एक थेंब पडला की वाळून डाग व्हायचा, मग हा ठिपका बरा म्हणशील."

"डोळ्यात कण गेला की आई फुंकरच मारते."

"डोळ्याला त्याचं स्वतःचं पाणी असतं, तो धुऊन टाकतो. ह्याला कोण धुणार?"

त्यांनी काचेचं तोंड जमिनीकडे केलं, म्हणजे उडालेली धूळ परत तिच्यावर बसायला नको, आणि घड्याळं साफ करायच्या रबरी फुग्याने खालून दोन-तीनदा हवा मारली. कॅमेरा जोडला. मी दुकानाबाहेर जाऊन आभाळाचा फोटो काढला.

ठिपका गेला नव्हता. सरकला होता. मधोमध येऊन बसला होता.

"आता कावळा माझ्या नाकावर बसणार," हफ्सा म्हणाली.

चाचा हसले नाहीत. परत बशी, परत स्क्रू. या वेळी फुगा त्यांनी जास्त वेळा दाबला, थांबून थांबून, आणि मधून मधून डबी लावून बघत राहिले. फडकं लावलं नाही, ब्रश लावला नाही, बोट तर नाहीच. मी विचारलं, पुसून का टाकत नाही. ते म्हणाले, "जे हवेनं जाईल त्याला हात कशाला लावायचा?"

पुढचा फोटो कोरा आला. नुसतं आभाळ.

शनिवारी मी आणि हफ्सा पेणला गेलो. मामा पडवीत बसून साच्याला तेल लावत होता. हे काम तो कधीच करत नाही. मूर्ती खिडकीत होती तशीच होती, तिच्यावर मामीने रुमाल टाकला होता.

मी चारही कागद काढले, जुळवले आणि मामासमोर उन्हात धरले. कसं झालं ते एका दमात सांगितलं, भाता, बाहुली, नखाएवढी काच, सगळं. हफ्साने कावळ्याचं सांगितलं. मामी हसत सुटली. मला वाटलं, आता मामा उठेल, माझ्या पाठीवर थाप मारेल.

मामाने कागद माझ्या हातातून घेतले, स्वतः जुळवून धरले. मग खाली ठेवले.

"म्हंजे मूर्तीवर काय नवतंच."

"नव्हतंच मामा! तुमचं बरोबर होतं!"

"मंग तू बरोबर लागला कशी बोललीस?"

हफ्सा माझ्याकडे बघायला लागली.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून," मी म्हटलं. "मला काहीच दिसलं नव्हतं."

मामा रागावला नाही. रागावला असता तर मला चाललं असतं.

"यंत्रानं नसलेलं दाखवलं त्याचं मला काय नाय," तो म्हणाला. "ते यंत्र. त्याच्यात कचरा गेला. पन मी तुज्या डोळ्यांवर इस्वास ठेवला, भावे. माज्यापेक्षा तुजे तरने. तू होय बोललीस, तवा मला वाटलं, हिला दिसतंय, मला दिसत नाय. तिथं मी खचलो. कागदानं नाय."

अंगणात एक कोंबडी काहीतरी टोचत होती. तिच्याकडेच मी बघत राहिले.

मामा उठला, मूर्तीवरचा रुमाल काढला. "आनि आता हे सांग. हितं, गालावर, तुला काय दिसतंय?"

मी बघितलं. या वेळी मनापासून बघितलं. "काही नाही."

"बग नीट. मला बरं वाटायचं सोड."

"खरंच काही नाही, मामा."

"सगुना, तुला?"

"नाय वो."

"तुला गो?" त्याने हफ्साला विचारलं. हफ्सानेही मान हलवली.

"त्या यंत्राला इचार."

मी कॅमेरा काढला, अगदी जवळून फोटो घेतला, पडदा मामासमोर धरला. गाल नितळ.

"मला दोन दिस झालं दिसतंय," मामा म्हणाला. "तीळभर जागा. मी ब्रश टेकवला ती. रंग तोच हाय, पन वरून बसलाय, खालच्यात मुरला नाय. आदी नसलेला ठिपका दिसंना म्हनून खचलो, आनि मंग हे दिसाया लागलं तवा वाटलं, झालं, आता नाय तेपन दिसतंय. मामीला इचारलं, ती नाय बोलली. म्हनून रुमाल टाकाया सांगितला."

"मग ते तिथं आहे का नाही?" हफ्साने विचारलं. मी विचारणार होते, पण माझी हिंमत होत नव्हती.

मामाने मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि हळूहळू फिरवली, खिडकीचा उजेड तिच्या गालावरून आडवा सरकेपर्यंत. मामी पुढे आली. आम्ही तिघी डोकी जवळ घेऊन बघायला लागलो. आधी काही नाही. मग मूर्ती केसभर आणखी फिरली, आणि गालावर एक इवलंसं वर्तुळ चमकलं. दुधावर तेलाचा थेंब पडावा तसं. मूर्ती जराशी हलली की नाहीसं व्हायचं.

"आई शप्पथ!" मी म्हटलं.

"दिसलं?"

"दिसलं."

"होय बोलतेस का दिसलं?"

"दिसलं, मामा. गोल आहे. आणि खाली जरा ओघळल्यासारखं आहे."

मामाने मूर्तीकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "ओगळलंय जरा."

मग त्याने मूर्ती स्टुलावर ठेवली, स्टूल खिडकीपाशी ओढलं, बसला, उठला, स्टूल वीतभर डावीकडे घेतलं. मामी कधी आत गेली ते कळलंच नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. तिने ते त्याच्या मांडीवर टाकलं. "तांदळाच्या डब्यात होतं," ती म्हणाली. "तुमी नाय इचारलंत."

"आता गाल सगळा परत मारावा लागंल," मामा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मारताना डोळ्याची खालची रेग झाकली जानार. म्हंजे डोळा नवा काडायचा." त्याने गाठ सोडली. सगळ्यात बारीक ब्रश निवडला, खिडकीसमोर धरून त्याचं टोक बघितलं.

मी कॅमेरा सरसावला. जुहेबभाईंचं सोमवारी विमान होतं, फोटो आजच पाठवले तर मस्कतची मंडळी उद्या हो म्हणतील, असा माझा सगळा हिशेब तयार होता.

"फोटो उद्या," मामा म्हणाला. "आज रंग वला राहील. त्यान्ला सांग, एक दिस थांबा." मग माझ्याकडे न बघताच, "आनि भावे, त्या उजेडातनं बाजूला हो गो."

मी झाले.